मोनेचा झेंड्यांनी भरलेला रस्ता: पहिल्यांदा बघणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'रू मोंतोर्गय' ('रू' म्हणजे रस्ता) हे चित्र तुमच्या नजरेखालून कधीतरी गेलेलं असणारच. कॅलेंडरवर, मगवर, कुणाच्या डीपीला, नाहीतर पॅरिसच्या एखाद्या ट्रॅव्हल व्हिडिओत मध्येच. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला उंच बिल्डिंगा, जिकडे बघाल तिकडे निळा-पांढरा-लाल झेंडा आणि खाली नुसती गर्दी. बहुतेक लोक "वा, भारी" म्हणतात आणि पुढे स्क्रोल करतात, कारण चित्रासमोर उभं राहून करायचं काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. मला हे चित्र फार म्हणजे फार आवडतं. याला थोडा वेळ द्यावा लागतो आणि थोडं चालावं लागतं, म्हणजे खरंच पायांनी पुढे-मागे व्हावं लागतं, आणि एवढं केलं की त्या रंगाच्या फटकाऱ्यांमधून अख्खा रस्ता उभा राहतो. ज्यांना पेंटिंगमधलं काहीच कळत नाही असं वाटतं त्यांच्यासाठीच हे लिहिलंय, आधी काही वाचलेलं असायची गरज नाही.

पायरी १: बरोबर चित्र शोधा आणि त्याचा खरा आकार समजून घ्या

आधी एक घोळ मिटवू. मोनेनं त्याच दिवसाची दोन चित्रं केली आहेत, ३० जून १८७८ ची, आणि इंटरनेटवर दोन्हीची सरमिसळ झालेली असते. एक 'रू मोंतोर्गय', ते पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमध्ये आहे. दुसरं 'रू सँ-दनी', ते रुआँ शहरातल्या म्युझियममध्ये आहे. दोन्ही उभी, दोन्हीत झेंडेच झेंडे, त्यामुळे पटकन फरक कळत नाही. आपण इथे पहिलं घेतोय. नुसतं सर्च मारून इमेज उघडू नका, म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरची घ्या, कारण पोस्टर विकणारे लोक लाल रंग इतका भडक करून ठेवतात की मूळ चित्रातला राखाडी आणि फिकट निळा रंग मरूनच जातो, आणि त्या राखाडीमुळेच तर लाल उठून दिसत असतो.

मग एक छोटं काम करा. मूळ चित्र साधारण ८१ सेंमी उंच आणि ५० सेंमी रुंद आहे. जुने पेपर चिकटवून तेवढ्या मापाचा तुकडा कापा आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. बालिश वाटेल पण कराच, कारण फोनवर ते चित्र बोटाएवढं दिसतं आणि आपण समजतो की एवढीच त्याची जागा, आणि उलट काही जणांना वाटतं की एवढी मोठी गर्दी म्हणजे भिंतभर चित्र असणार. दोन्ही नाही. बाल्कनीत नेता येईल, खांद्याला अडकवून परत आणता येईल एवढंच ते आहे, आणि हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

पायरी २: दोन मिनिटं काही वाचू नका

चित्र लॅपटॉपवर फुल स्क्रीन करा, नाव-बिव दिसणारी पट्टी बंद करा आणि नुसतं बघा. मोबाइल असेल तर हात लांब करून धरा. मग डोळे अर्धवट मिटून बघा, चित्रकार लोक हे सतत करतात, त्याने बारीक गोष्टी पुसट होतात आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे उरतात. तुम्हाला वर आभाळाचा एक फिकट तुकडा दिसेल, दोन बाजूंना बिल्डिंगांच्या दोन तिरप्या भिंती आत आत जाताना दिसतील, आणि खाली गडद गर्दी. एवढंच. चित्राचा सांगाडा एवढा साधा आहे म्हणूनच वरचा सगळा गोंधळ त्याला पेलवतो.

आता डोळे पूर्ण उघडा आणि तुमची नजर कुठून आत शिरते ते पकडा. बहुतेकांची जवळच्या मोठ्या झेंड्यांवर पडते, तिथून झेंडे लहान लहान होत मागे जातात आणि नजर रस्त्याच्या टोकाला ओढली जाते, मग वरच्या आभाळावरून परत पुढे. स्वतःला विचारा, उजेड कुठून येतोय, वारा आहे का, आवाज येतोय का. उत्तर चुकलं तरी काही बिघडत नाही, आपण फक्त नजरेला थांबायची सवय लावतोय.

पायरी ३: तुम्ही कुठे उभे आहात ते शोधा

नवीन लोकांकडून सगळ्यात जास्त सुटते ती ही गोष्ट, आणि मला विचाराल तर अख्ख्या चित्राची किल्लीच ही आहे. खाली बघा, तुमच्या पायाखाली जमीन आहे का? नाहीये. रस्ता बराच खाली आहे, माणसांची डोकी वरून दिसतायत, आणि झेंडे तुमच्या डोळ्यांसमोर, काही तर अगदी हाताला लागतील असे. म्हणजे तुम्ही गर्दीत नाही, वरच्या मजल्यावर आहात.

हे मोनेनं स्वतः सांगितलंय. बऱ्याच वर्षांनी, १९२० मध्ये, म्हातारपणी त्यानं आठवण सांगितली की त्याला झेंडे फार आवडायचे, त्या दिवशी तो रंगांचं सामान घेऊन रू मोंतोर्गयवरून चालला होता, रस्ता झेंड्यांनी सजलेला, प्रचंड गर्दी, त्याला एक बाल्कनी दिसली, तो वर गेला, चित्र काढू का म्हणून परवानगी मागितली, ती मिळाली, आणि काम झाल्यावर कुणाला न कळता खाली उतरला. बस. ओळख नाही, आमंत्रण नाही, अनोळखी माणसाच्या घरात जाऊन उभा राहिला. हे वाचल्यावर चित्रातली घाई समजते. ज्यानं गिरगावात चाळीच्या गॅलरीतून खालून जाणारी मिरवणूक बघितलीये त्याला ही उंची लगेच ओळखू येईल, खालचा चेहरा एकही दिसत नाही पण अख्खी गर्दी एकत्र हलताना दिसते, आणि आपण त्यात असतोही आणि नसतोही.

अजून एक बघा, कडा. डाव्या-उजव्या कडेला झेंडे आणि भिंती मध्येच कापल्या गेल्यात, नीट फ्रेममध्ये बसवलेलं काहीच नाही. फोटोत असं होतं, बाल्कनीतून मान वळवून बघतानाही असंच होतं. जुन्या पद्धतीचा चित्रकार असता तर मध्यभागी एखादा नेता, घोडा, तोफ असं काहीतरी ठेवलं असतं. इथे मध्यभागी कुणीच नाही. अख्ख्या चित्रात नाव घेण्यासारखा एकही माणूस नाही, आणि सणाचं चित्र असं काढणं ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४: जवळ जा, मग लांब या, मग परत जवळ

म्युझियमच्या साइटवर झूम करता येतं, ते वापरा. एक झेंडा निवडा आणि पूर्ण झूम करा. झेंडा गायब! निळ्याचा एक फटकारा, त्याच्या शेजारी पांढरा, त्याच्या शेजारी लाल, कधी पांढरा इतका पुसट की मागची भिंतच पांढऱ्याचं काम करतेय, कधी फक्त लालच उरलाय. काठी बऱ्याचदा नाहीच. कापडाची घडी नाही, शिवण नाही. आता हळूहळू झूम आउट करा आणि नेमका कोणत्या क्षणी ते फटकारे परत झेंडा होतात ते पकडा. तो क्षण सापडला की इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोने ज्यांच्यातला होता ते चित्रकार काय करत होते हे तुम्हाला लेक्चर न ऐकता कळलं. मोने रंग देतो, झेंडा तुमचा डोळा तयार करतो.

मग वेगवेगळ्या भागातले ब्रशचे फटकारे एकमेकांशी ताडून बघा, कारण नवख्या माणसाला वाटतं सगळीकडे नुसते ठिपके मारलेत, तसं अजिबात नाहीये. झेंड्यांचे फटकारे तिरपे, लांब, वेगवेगळ्या दिशांना, म्हणूनच ते फडफडल्यासारखे वाटतात. खालच्या माणसांचे आखूड आणि बरेचसे उभे, एक गडद उभा ठिपका म्हणजे एक माणूस, बाजूला एखादा फिकट ठिपका म्हणजे कदाचित बाईचे कपडे, कदाचित छत्री, नक्की सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नाही. खिडक्या निळसर राखाडी, भराभर ओढलेल्या. आभाळ त्यामानाने शांत, मोठ्या हाताने फिरवलेलं. म्हणजे हात सगळीकडे वेगात आहे पण प्रत्येक वस्तूसाठी त्याची चाल बदलतेय. मला तासन्‌तास बघायला आवडतो तो हाच भाग, एकाच रस्त्यात किती प्रकारची हालचाल आहे.

रंगांबद्दल थोडं. झेंडे तीनच रंगांचे, पण अख्खं चित्र तीन रंगांचं नाही. सावलीतल्या भिंती निळसर जांभळट आहेत, उजेडातल्या मलईसारख्या, आणि त्यामुळे झेंड्यातला निळा बिल्डिंगांच्या सावलीत मिसळतो, पांढरा आभाळात मिसळतो, एकटा लालच असा आहे जो कुठेच मिसळत नाही. म्हणून नजर लालवरून लालवर उड्या मारत रस्त्याच्या आत जाते. लाल रंगावर एकेक करून बोट ठेवत जा आणि बघा, पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे खोली दाखवणाऱ्या रेघा न काढता मोनेनं तुम्हाला रस्त्याच्या टोकापर्यंत कसं नेलं ते.

आणि हे बाल्कनीत करता आलं याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे, रंगाची ट्यूब. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळून वापरायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याआधी तेलरंग बाहेर न्यायचे म्हणजे जनावराच्या मूत्राशयाच्या पिशव्या, त्या फुटायच्या, वाळायच्या. ट्यूब आल्यावर पेटी उचलली आणि निघाले. चपटे ब्रश पण त्याच शतकात नीट मिळायला लागले, कारण केस धरून ठेवणारी धातूची पट्टी चपटी करता यायला लागली, आणि चपट्या ब्रशचा एक फटकारा म्हणजे झेंड्याचा एक पट्टा.

पायरी ५: आता तारीख वाचा, आणि हा १४ जुलै नाही हे लक्षात ठेवा

इतका वेळ मुद्दाम इतिहास बाजूला ठेवला होता. भरपूर ठिकाणी या चित्राखाली "बास्तीय दिन" किंवा १४ जुलै असं लिहिलेलं सापडेल, ते चूक आहे. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय सण ठरला १८८० मध्ये. हे चित्र त्याच्या दोन वर्षं आधीचं. ३० जून १८७८ हा सरकारनं मुद्दाम जाहीर केलेला उत्सव होता, शांततेचा आणि कामाचा उत्सव. त्या वर्षी १ मेला पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन सुरू झालं होतं, तेच ज्यात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं नुसतं डोकं लोकांना बघायला ठेवलेलं, आणि त्याच निमित्तानं फ्रान्सला जगाला सांगायचं होतं की आम्ही परत उभे राहिलोय.

परत म्हणजे कशातून, ते बघा. १८७० मध्ये प्रशिया या जर्मन राज्याबरोबर युद्ध, सप्टेंबरमध्ये सम्राट तिसरा नेपोलियन सेदाँला शत्रूच्या हाती लागला, मग पॅरिसला महिनोन्‌महिने वेढा, लोकांनी घोडे, कुत्री, उंदीर खाऊन दिवस काढले. १८७१ मध्ये हार मान्य, अल्सास आणि लोरेनचा काही भाग गेला, वर ५०० कोटी फ्रँक दंड. तेवढ्यात पॅरिसच्याच लोकांनी कम्यून, म्हणजे स्वतःचा वेगळा बंडखोर कारभार उभारला आणि मे महिन्यात फ्रेंच सैन्यानंच याच शहराच्या रस्त्यांत तो चिरडला, हजारो माणसं मेली. म्हणजे या चित्रात जे रस्ते गर्दीने फुललेत, त्या शहरात सात वर्षांपूर्वी दगडांचे अडथळे आणि प्रेतं होती. दंड १८७३ मध्ये फिटला, जर्मन सैन्य गेलं, आणि मग एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोक सणासाठी रस्त्यावर उतरले ते १८७८ ला.

आता झेंड्याचं. आपल्याला वाटतं देशाचा झेंडा लावला, त्यात काय विशेष. पण त्या वर्षांत तिरंगा म्हणजे एक बाजू घेणं होतं. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये राजा परत आणायच्या बाजूचे लोक संसदेत भरपूर होते, आणि राजघराण्याचा वारस, शांबॉरचा काउंट, त्याला गादीवर बसवायची तयारीही झाली होती, पण तो अडून बसला की मला तिरंगा चालणार नाही, घराण्याचा पांढरा झेंडाच पाहिजे. १८७३ मध्ये हे सगळं प्रकरण त्या झेंड्यावरूनच फिसकटलं. एका कापडावरून राजेशाही गेली म्हणजे गेलीच. म्हणून १८७८ मध्ये साध्या दुकानदारांनी, भाडेकरूंनी खिडकीखिडकीतून तिरंगा बाहेर काढला तेव्हा तो सजावटीपेक्षा बराच जास्त होता, आम्हाला प्रजासत्ताक हवंय हे त्यात आलं. आता चित्र परत उघडा आणि बघा, झेंडे महालावर नाहीत, सरकारी इमारतीवर नाहीत, राहत्या घरांच्या खिडक्यांवर आहेत.

रस्त्याची निवडही बघण्यासारखी आहे. त्या काळात ओसमान या सरकारी अधिकाऱ्याने पॅरिसमधून रुंद सरळ बुलवार, म्हणजे मोठे हमरस्ते काढून जुनं शहर बरंच पाडलं होतं, आणि मोनेनं स्वतः आधी बुलवारची चित्रं काढलेली आहेत. पण या दिवशी त्यानं घेतला बाजाराजवळचा, 'ले आल'च्या मोठ्या मंडईला लागून असलेला जुना अरुंद रस्ता, कामकरी लोकांचा. रस्ता अरुंद म्हणून दोन्ही बाजूंचे झेंडे एकमेकांना जवळजवळ भिडतात, रुंद बुलवारवर हा परिणाम आलाच नसता.

एक वैयक्तिक बाजू पण सांगायलाच हवी. हा काळ मोनेसाठी फार वाईट होता. मार्चमध्ये दुसरा मुलगा मिशेल झाला होता, बायको कामीय आजारी होती, हातात पैसे नव्हते. त्याचा मोठा ग्राहक एर्नेस्त ओशदे दिवाळखोर झाला आणि जून १८७८ मध्येच त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, ज्या 'इम्प्रेशन, सनराइज' चित्रावरून या सगळ्या चळवळीला नाव पडलं ते ओशदेनं ८०० फ्रँकला घेतलं होतं, लिलावात गेलं २१० ला. त्याच महिन्याच्या शेवटी हा माणूस सामान उचलून उत्सवात जातो आणि इतकं आनंदी चित्र काढतो. त्या वर्षीच तो पॅरिस सोडून वेतॉय गावी राहायला गेला, १८७९ च्या सप्टेंबरमध्ये कामीय गेली. पॅरिसच्या रस्त्यांची त्याची चित्रं इथे जवळजवळ संपतात, पुढचा मोने म्हणजे नदी, गवताच्या गंजी, कमळं. या चित्रातला आनंद दुःखाची जाणीव नसलेल्या माणसाचा नाही, हे कळल्यावर मला ते आणखी जवळचं वाटायला लागलं.

पायरी ६: शेजारी दुसरं चित्र ठेवा

एकट्या चित्राकडे बघून जे कळत नाही ते दोन चित्रं शेजारी ठेवली की लगेच दिसतं. या चित्रासाठी जोडी अगदी तयार आहे, कारण त्याच दिवशी एदुआर मानेनंही झेंडे रंगवले. (मोने आणि माने वेगळे, नवीन लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो, पण दोघे एकमेकांना चांगले ओळखायचे.) मानेचं चित्र 'झेंडे लावलेला रू मोनिये', ते सध्या लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या साइटवर मोठ्या साइजमध्ये फुकट बघता येतं. माने त्याच्या स्टुडिओच्या खिडकीतून बघत होता. रस्ता जवळजवळ मोकळा, उजेड पांढरा फटक, झेंडे आहेत पण लोक कमी, आणि डाव्या बाजूला कुबड्या घेतलेला, एक पाय नसलेला माणूस पाठमोरा चाललाय. खालच्या कडेला शिडी घेऊन जाणारा एक मजूर, कुंपणापलीकडे बांधकामाचा राडारोडा.

एकच दिवस, एकच झेंडा, एकच शहर. मोनेनं गर्दी आणि वारा घेतला, मानेनं सण झाला तरी ज्याचा पाय परत येणार नाही असा माणूस घेतला. तो युद्धात जखमी झालेला असावा असं बहुतेक जण मानतात. माने स्वतः वेढ्याच्या वेळी पॅरिसमध्ये नॅशनल गार्डमध्ये होता, मोने युद्धाच्या काळात लंडनला निघून गेला होता. त्यावरून कोण बरोबर, कोण चूक असा निकाल लावायला जाऊ नका, दोन्ही चित्रं पाच-पाच मिनिटं बघा, मग अदलाबदल करून परत बघा. मला एक चित्र दुसऱ्याशिवाय अपुरं वाटतं.

पुढे बघायचं असेल तर क्रम असा ठेवा. व्हॅन गॉगचं १८८६ चं '१४ जुलै' बघा, तिथे रंग जाड आणि झेंडे जवळजवळ ओरडतायत. मग राउल द्युफीने १९०६ मध्ये ल हाव्रमध्ये काढलेले झेंड्यांचे रस्ते, तिथे झेंडा मोठा होऊन माणसांना झाकून टाकतो. आणि मग अमेरिकेतला चाइल्ड हॅसम, तो पॅरिसमध्ये शिकला होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ पासून, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूची झेंड्यांची अख्खी मालिका त्यानं केली, तिच्यातलं पावसातलं १९१७ चं चित्र व्हाइट हाउसच्या संग्रहात आहे. ओल्या रस्त्यावर झेंड्यांची प्रतिबिंबं, ते तर बघाच.

पायरी ७: पॅरिसला जाणार असाल तर

युरोपच्या टूरमध्ये पॅरिसला अडीच दिवस असतात आणि त्यातला एक लूव्रमध्ये जातो हे माहितीये, तरी दॉर्से सोडू नका. सोमवारी बंद असतं. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी ग्रुप कमी झालेले असतात, तीच वेळ सगळ्यात चांगली. तिकीट ऑनलाइन घ्या म्हणजे रांग टळते. १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट पण आधी स्लॉट बुक करावा लागतो आणि गर्दी भयंकर. आरईआर या लोकल ट्रेनच्या सी लाइनचं स्टेशन म्युझियमच्या दारातच आहे, मेट्रोनं आलात तर १२ नंबर लाइनचं सोल्फेरिनो. ही इमारत मुळात १९०० सालचं रेल्वे स्टेशन, म्युझियम झालं १९८६ मध्ये. इम्प्रेशनिस्ट लोक पाचव्या मजल्यावर, म्हणून थेट वर जा आणि मग खाली उतरत या, उलटं केलंत तर वर पोचेपर्यंत पाय गेलेले असतात. चित्रं कधी कधी दुसऱ्या देशात प्रदर्शनाला जातात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी साइटवर चेक करा.

समोर पोचलात की आधी फोटो नको. तीन-चार मीटर लांब उभे राहा, मग एक मीटरवर या, मग बाजूने बघा म्हणजे रंगाचा जाडपणा दिसतो, मग परत लांब. माणसं मध्ये येतील, येऊ द्या, थांबा. फ्लॅश बिलकुल नाही.

नंतर तो रस्ताच बघायला जा. सेन नदी ओलांडून, लूव्रवरून चालत गेलात तर अर्धा-पाऊण तास, नाहीतर मेट्रो ४ चं एतियेन मार्सेल स्टेशन. रू मोंतोर्गय आता बराचसा फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, दोन्हीकडे चीज, मासे, फळं, कॅफे. ५१ नंबरला श्टोरेर ही केकपेस्ट्रीची दुकान आहे, १७३० पासूनची, म्हणजे मोने सामान घेऊन चालला होता तेव्हाही ती तिथे होतीच. तिथे उभं राहून वर बाल्कन्यांकडे बघा, उंचीचा अंदाज लगेच येतो.

एक दिवस जास्तीचा असेल तर सँ-लाझार स्टेशनवरून ट्रेनने दीडेक तासात रुआँ, तिथे दुसरं चित्र बघा. हे स्टेशनसुद्धा मोनेनं १८७७ मध्ये रंगवलेलं आहे.

पायरी ८: एकदा स्वतः काढून बघा

चित्र काढता येत नाही म्हणणाऱ्यांनी ही पायरी तर नक्कीच करावी, कारण इथे ड्रॉइंग लागतच नाही. जाड कागद घ्या, २४ सेंमी उंच १५ सेंमी रुंद कापा, मूळ चित्राचं प्रमाण साधारण तेच आहे. ॲक्रिलिक चालेल, स्टुडंट क्वालिटीचे पुरेत: अल्ट्रामरीन निळा, भडक लाल, पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना. काळा घेऊ नका, निळा आणि सिएना मिसळून गडद करा, सावल्या जिवंत राहतात. दोन चपटे ब्रश, एक बोटभर रुंद आणि एक त्याच्या निम्मा.

आधी अख्ख्या कागदावर फिकट राखाडी-क्रीम रंग फिरवून वाळू द्या. पेन्सिलीने फक्त दोन तिरप्या रेघा, बिल्डिंगांच्या, आणि गर्दी कुठपर्यंत येते त्याची एक आडवी. आभाळ आधी, पातळ. मग दोन्ही भिंती, एक उजेडात एक सावलीत, खिडक्या मोजू नका, निळसर उभे फटकारे पुरे. मग गर्दी, गडद आखूड उभे ठिपके, मागे जाल तसे लहान आणि फिकट, थोडं वाळल्यावर मध्ये मध्ये काही फिकट ठिपके. झेंडे सगळ्यात शेवटी. लांबचे आधी, नुसता लाल ठिपका, जवळचे नंतर, तीन फटकारे, आणि ब्रश एकदा टेकवला की परत त्यावर फिरवायचा नाही. पाऊण तासाचा टायमर लावा, कारण वेळ जास्त मिळाला की आपण चेहरे काढायला लागतो आणि तिथेच चित्र मरतं.

हे जमलं की आपल्याकडचं घ्या. गुढीपाडव्याची गिरगावची नाहीतर डोंबिवलीची शोभायात्रा, विसर्जन मिरवणूक, जे जवळ असेल ते. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कुणाची गॅलरी असेल तर आधी विचारून ठेवा, तिसऱ्याच्या वर गेलात तर झेंडे पण खालीच राहतात आणि मजा जाते. फोन उभा धरून दोन-तीन फोटो काढा, फक्त आठवणीसाठी, आणि रंगवायला जागेवरच बसा. भगव्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, तो उन्हातल्या पिवळट भिंतीवर हरवतो, म्हणून त्याच्यामागे निळसर सावली शोधा. वाळल्यावर चित्र भिंतीला टेकवून चार पावलं मागे जा. जो झेंडा झेंडा वाटत नाहीये त्याच्यावर परत रंग चढवू नका, त्याच्या बाजूची भिंत एका फटकाऱ्याने गडद करा आणि परत मागे जाऊन बघा.